आदिवासींवरचा सिनेमा बघताना रिमोट हातात ठेवा

मी गडचिरोली जिल्ह्यातल्या धानोरा तालुक्यातली, गोंड. नागपुरात कॉलेजच्या पोरींना सिनेमे दाखवते. आमच्या लोकांवरचा सिनेमा असला की तो थांबवत थांबवतच बघायचा, हा माझा नियम.

सगळ्यात आधी जंगल बघा. वरून घेतलेला शॉट, धुकं, हिरवंगार, माणूस एकही नाही, असं दिसलं की थांबवा. हे रान कोणाचं? मार्च-एप्रिलात आमच्याकडे उजाडायच्या आत बाया टोपल्या घेऊन मोहाच्या झाडाखाली फुलं वेचत असतात, झाडाखालचा पाला आधीच झाडून ठेवलेला असतो. मे महिन्यात घरोघरी तेंदूपत्त्याचे पुडे बांधणं चालतं. मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, तिथला बांबू ग्रामसभा विकते. यातलं काहीच पडद्यावर नसेल, तर दिग्दर्शकानं जंगल फक्त नाटकातल्या रंगवलेल्या पडद्यासारखं मागे टांगलंय.

मग बोलणं. ‘आक्रोश’मध्ये (१९८०) लहान्या भिकू कोर्टात गप्प राहतो, बोलतो तो त्याचा वकील कुलकर्णी. तिथं ते मौन मुद्दाम आहे, सगळी गोष्ट त्यावरच उभी आहे. बाकी कित्येक सिनेमांत मात्र आदिवासी मुका असतो, कारण लिहिणाऱ्याला त्याच्या तोंडी काय घालावं तेच सुचत नाही. ‘न्यूटन’मधली (२०१७) मलको शिकलेली आहे, गोंडी बोलते, साहेबांशी बरोबरीनं बोलते. अशी पात्रं वहीत टिपून ठेवा. शेवटी नावं सरकतात तेव्हा उठू नका. मडावी, उसेंडी, आत्राम, नैताम ही आमची आडनावं कुठे दिसतात का शोधा. फक्त नाचणाऱ्यांत दिसले तर तेही लिहा.

नाचाचं थोडक्यात सांगते. पिसं, शेकोटी, ‘झिंगालाला’ आलं की बंद करा. रेला हा आमचा नाच हातात हात गुंफून नाचतात, लग्नात, पंडुमला म्हणजे सणाला, स्वतःसाठी.

आणि गोंड म्हणजे फक्त रानातली झोपडी, असं दाखवलं तर पोरींना मी शहराकडे बोट दाखवते. नागपूर वसवलं देवगडच्या (छिंदवाड्याकडचं, कोकणातलं नव्हे) बख्त बुलंद शाह या गोंड राजानं, १७०२ च्या सुमारास.

संवाद गोंडीत असतील तर सबटायटलवर विसंबू नका. इथल्या वसतिगृहांत गडचिरोलीची मुलं राहतात. आधी विचारून, पाहुणे म्हणून बोलवा, आणि चर्चेत पहिलं बोलणं त्यांचं असू द्या.