जुनं जीटीएक्स १०८० टीआय की आरटीएक्स ए२०००?

तुमच्याकडे एनव्हिडियाचं जुनं जीटीएक्स १०८० टीआय ग्राफिक्स कार्ड आहे आणि ते बदलून आरटीएक्स ए२००० घ्यावं का असा प्रश्न असेल, तर दोन्ही कार्डांचे कुडा कोर (गणितं करणारे छोटे भाग) मोजून निर्णय घेऊ नका. २०१७ च्या १०८० टीआयमध्ये ३५८४ कोर आहेत, २०२१ च्या ए२००० मध्ये ३३२८. पण पिढ्या वेगळ्या असल्यामुळे हे आकडे समोरासमोर ठेवून काहीच कळत नाही. मेमरीचा वेग पाहा: जुन्याचा सेकंदाला ४८४ जीबी, नव्याचा २८८. म्हणून साध्या गेमिंगमध्ये जुनं कार्ड अजूनही पुढे पळतं. ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरच्या सायकल्स या रेंडर इंजिनात मात्र ऑप्टिक्स (एनव्हिडियाची रेंडरची पद्धत) निवडलं की चित्र पालटतं, कारण ए२००० मध्ये रे-ट्रेसिंगसाठी, म्हणजे प्रकाशकिरणांचा मार्ग मोजण्यासाठी, वेगळे कोर आहेत आणि जुन्यात ते नाहीतच.

खरा फरक विजेचा. १०८० टीआय २५० वॅट खातं, त्याला ८ आणि ६ पिनच्या वायरी लागतात. ए२००० फक्त ७० वॅटवर, वेगळी वायर न लावता मदरबोर्डच्या स्लॉटमधूनच चालतं. ऑफिसातून निघालेल्या सेकंडहँड छोट्या पीसीतही बसतं. (छोट्या केसमध्ये कार्ड बसवायची हाफ-हाइट पट्टी सोबत आहे का, ते विकणाऱ्याला आधीच विचारा.)

ए२००० मध्ये ६ आणि १२ जीबी मेमरी असे दोन प्रकार येतात. जड सीन असतील तर ६ जीबीवालं घेऊच नका; तुमच्या जुन्या कार्डातच ११ आहेत. आणि ए२००० ला एचडीएमआय पोर्ट नाही, चारही मिनी डिस्प्लेपोर्ट. अ‍ॅडॅप्टरचे पैसे धरून ठेवा.