चढ्या भावाचा ग्राहक आणि गोठलेलं खातं
पिंपळगावचा व्यापारी असो की कॉलेज रोडचा विद्यार्थी, टेलिग्राम ग्रुपवर यूएसडीटी (डॉलरच्या भावाशी बांधलेलं क्रिप्टो नाणं) विकताना सगळे पैसे भरल्याच्या खोट्या स्क्रीनशॉटला घाबरतात. तो तर बँकेचं ॲप उघडून लगेच पकडता येतो. जास्त महागात पडतात ते खरे पैसे. बाजारापेक्षा चढा भाव देणारा कित्येकदा तिसऱ्याच माणसाच्या खात्यातून रक्कम टाकतो. ती फसवणुकीची निघाली की तक्रार परराज्यात होते आणि नाशिकमधलं तुमचं खातं गोठतं. म्हणून पैसे पाठवणाऱ्याचं बँकेतलं नाव आणि एक्स्चेंजवरचं (क्रिप्टो खरेदी-विक्रीच्या ॲपवरचं) केवायसीचं नाव तंतोतंत जुळलं तरच नाणी सोडा. ‘भावाच्या खात्यातून टाकलेत’ हे कारण ऐकूच नका. ऑर्डर रद्द करायच्या घाईत ग्राहक सांगेल त्या दुसऱ्या खात्यावर रक्कम परतही करू नका; एक्स्चेंजवर अपील (तक्रार) टाका. एक्स्चेंजबाहेर, थेट ग्रुपवर व्यवहार केला असेल तर एस्क्रो, म्हणजे पैसे मिळेपर्यंत नाणी अडवून ठेवणारी सोय नसते, मग अपील कुठलं?

ग्रुपच्या ॲडमिनचं नाव-फोटो कुणीही लावतं, युजरनेम अक्षरन् अक्षर ताडून बघा. १२ किंवा २४ शब्दांची सीड फ्रेज, म्हणजे तुमच्या क्रिप्टो वॉलेटची गुप्त किल्ली, मागणारा चोरच. फसलात तर चॅट पुसू नका. ट्रान्झॅक्शन हॅश (नाणी पाठवल्याचा क्रमांक) आणि यूटीआर क्रमांक (बँक व्यवहाराचा क्रमांक) हाताशी ठेवून लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावा.