सपोर्ट वर्करच्या कामाची तयारी: ऑस्ट्रेलियात नव्याने आलेल्यांसाठी

ऑस्ट्रेलियात आल्यावर पहिल्या काही महिन्यांतच डिसॅबिलिटी सपोर्टच्या, म्हणजे दिव्यांग व्यक्तींना रोजच्या जगण्यात मदत करण्याच्या, कामाविषयी कोणीतरी सुचवते, आणि आपल्या मनात येते की घरी आजीआजोबांचे सगळे केलेले आहे, मग यात शिकायचे ते काय? या क्षेत्रात बरीच वर्षे काढल्यावर मला असे वाटते की शिकण्यापेक्षा येथे सोडून द्यावे लागणारेच अधिक आहे.

येथे दिव्यांग व्यक्तींच्या मदतीसाठीचा मोठा निधी २०१३ च्या कायद्याने उभ्या राहिलेल्या एनडीआयएस (नॅशनल डिसॅबिलिटी इन्शुरन्स स्कीम) या सरकारी योजनेतून येतो. हा निधी त्या व्यक्तीच्या स्वतःच्या प्लॅनमध्ये, म्हणजे तिच्या मदतीच्या आराखड्यात, मंजूर होतो आणि मदत कोणाकडून घ्यायची याची निवड तिच्याकडे असते. तुम्हाला बोलावणारी आणि उद्यापासून येऊ नका म्हणणारीही तीच, हे एकदा लक्षात आले की पुढच्या पुष्कळ गोष्टींचा उलगडा होतो.

प्रमाणपत्र प्रत्येक कामासाठी कायद्याने सक्तीचे नाही. तरीही काम देणाऱ्या बहुतेक संस्था 'सर्टिफिकेट थ्री इन इंडिव्हिज्युअल सपोर्ट' मागतात, आणि त्यात किमान १२० तासांचे प्रत्यक्ष काम, म्हणजे प्लेसमेंट, असते. प्रवेश घेण्यापूर्वी शिकवणारी संस्था नोंदणीकृत आहे का, हे सरकारी यादीत पाहावे आणि प्लेसमेंट ती स्वतः मिळवून देते की तुम्हालाच शोधावी लागते, हे लेखी विचारावे. फी भरून झाल्यावर या दुसऱ्या प्रश्नावर अडकलेले विद्यार्थी मी पाहिले आहेत. त्याखेरीज एनडीआयएसची वर्कर स्क्रीनिंग तपासणी, म्हणजे तुमच्या पार्श्वभूमीची पडताळणी, लागते. तिचा अर्ज राज्याकडे करायचा असला, तरी मंजुरी देशभर चालते आणि साधारणपणे पाच वर्षे टिकते. मुलांसोबतच्या कामाची परवानगी वेगळी असते. प्रथमोपचाराचे प्रशिक्षण आणि एनडीआयएसचा मोफत ऑनलाइन ओळखवर्ग नोकरीच्या अर्जापूर्वीच उरकून घ्यावा. विद्यार्थी व्हिसावर असाल, तर अभ्यासक्रम सुरू असताना पंधरवड्याला ४८ तासांची मर्यादा या कामालाही लागू आहे.

आता संस्कृतीविषयी, कारण आपली सर्वांत मोठी गफलत तेथेच होते. विविध समाजांतील लोकांसोबत काम करण्याचा एक विषय अभ्यासक्रमातच आहे, आणि भारतातून आलेल्या आपल्याला तो सोपा वाटतो. मलाही वाटला होता. सुरुवातीच्या काळात भाषा जुळते म्हणून मला एका मराठी घरी पाठवण्यात आले. तेथील तरुण मुलगा तोंडाने बोलत नसे, टॅब्लेटवरील चित्रांवर बोट ठेवून सांगत असे. मी त्याच्या आईला काकू म्हटले, देवासमोर नमस्कार केला आणि पहिल्याच दिवशी घरचा झालो. त्यानंतर महिनाभर त्याने काय खायचे, कोठे जायचे आणि कधी झोपायचे, हे सारे काकूंनी आणि मी ठरवले. महिनाअखेरीस कोऑर्डिनेटर बाईंनी विचारले की या महिन्यात त्याने स्वतः ठरवलेली एक गोष्ट सांगा. मला सांगता आली नाही.

भाषा येत असल्यामुळे माझे त्या घरच्या माणसांशी जमले होते, त्याच्याशी नव्हे. संस्कृतीचा मान राखणे म्हणजे एखाद्या समाजाच्या चालीरीती पाठ करणे नसून, त्या समाजातील या एका माणसाला त्यांपैकी काय हवे आणि काय नको, हे त्यालाच विचारणे होय. अंघोळीला पुरुष मदतनीस चालेल का, प्रार्थनेच्या वेळा कोणत्या, स्वतःच्या अपंगत्वासाठी कोणता शब्द आवडतो, हे सारे पहिल्या भेटीतच विचारण्यासारखे आहे. आपल्याकडे सरकारी 'दिव्यांग' हा शब्द काहींना रुचतो, तर काहींना त्याचा रागही येतो. येथील आदिवासी, म्हणजे ॲबोरिजिनल, कुटुंबांसोबत काम करताना आणखी सावध राहावे: अनेक समुदायांत मृत व्यक्तीचे नाव उच्चारत नाहीत, आणि घरात मृत्यू झाल्यास ठरलेली शिफ्ट पुढे ढकलावी लागते. मात्र हेही सर्वत्र सारखे नसते, त्यामुळे विचारावेच लागते.

कुटुंबाला इंग्रजी येत नसेल, तरी वैद्यकीय किंवा प्लॅनच्या बोलण्यात तुम्ही दुभाषी होऊ नका. एखादा शब्द इकडचा तिकडे झाला, तर निर्णयच बदलतो. सरकारची टीआयएस नॅशनल ही सेवा १३१४५० या क्रमांकावर दुभाषी जोडून देते.

रोजच्या नोंदी साध्या इंग्रजीत लिहाव्या लागतात आणि त्यांत आपला निष्कर्ष घालायचा नसतो. 'आज चिडले होते' असे न लिहिता 'दोनदा दार आपटले आणि वीस मिनिटे अंगणात बसले' असे लिहावे. मुलाखतीत बहुधा एखादा प्रसंग देऊन तुम्ही काय कराल, असे विचारतात. पार्टिसिपंटने, म्हणजे एनडीआयएसची मदत घेणाऱ्या व्यक्तीने, पावसात बाहेर जायचे ठरवले आहे आणि आई नको म्हणते आहे, अशा प्रश्नाला 'मी त्याला समजावून घरी थांबवीन' हे आपल्या तोंडी सहज येणारे उत्तर आहे. त्याऐवजी तुम्ही त्याला आधी काय विचाराल, छत्री आणि परतीची व्यवस्था कशी कराल आणि आईशी त्याच्या देखत काय बोलाल, हे सांगण्याची तयारी करून जा.