आखातात नव्याने आलेल्या मराठी ख्रिस्ती बंधुभगिनींसाठी

जय ख्रिस्त. संयुक्त अरब अमिरातीत येऊन ज्यांची उपासना सुटते, त्यांना बहुधा कोणी छळलेले नसते. ड्यूटी बारा तासांची, चर्च तासभर लांब, हातात पैसे मोजके. पहिले चार रविवार ‘पुढच्या वेळी जाऊ’ म्हणत निघून जातात आणि मग जायची सवयच राहत नाही. म्हणून खोली आणि मेसची सोय लावता त्याच आठवड्यात उपासनेचा दिवस आणि जागा ठरवा.

अजून निघाला नसाल तर कागदांपासून सुरुवात करा. बाप्तिस्म्याचा (वसईकडे म्हणतात तो स्नानसंस्काराचा) दाखला, दृढीकरण झाले असल्यास त्याचा दाखला आणि आपल्या पाळकांनी किंवा धर्मगुरूंनी तुमची ओळख लिहून दिलेले पत्र बरोबर घ्या. आपल्याकडे पासपोर्टवर ‘प्रकाश’ आणि चर्चच्या नोंदवहीत ‘पीटर’ असे सर्रास असते. मुलांच्या संस्कारांच्या किंवा लग्नाच्या वेळी हीच दोन नावे आडवी येतात. दोन्ही नावे एकाच व्यक्तीची आहेत, असे चर्चच्या शिक्क्यानिशी गावातच लिहून घ्या. इथून फोनवर हे काम महिनोन्‌महिने रखडते. कॅथलिक लग्नासाठी बाप्तिस्म्याचा दाखला सहा महिन्यांच्या आत काढलेला लागतो. त्यामुळे जुनी प्रत जपून ठेवलीत तरी तेव्हा नवी मागवावीच लागेल. पत्नीला व्हिसावर आणायचे असेल तर चर्चच्या लग्नाच्या दाखल्यावर विसंबू नका. सरकारी विवाह नोंदणी करून तो दाखला राज्य सरकार, भारताचे परराष्ट्र मंत्रालय आणि अमिरातीची वकिलात या क्रमाने प्रमाणित करून घ्या. शेवटचा शिक्का इथल्या परराष्ट्र मंत्रालयाचा.

आता दिवस. जानेवारी 2022 पासून इथल्या सरकारी कार्यालयांना शुक्रवारी दुपारनंतर, शनिवारी आणि रविवारी सुट्टी असते. शारजात शुक्रवार पूर्ण सुट्टीचा. खासगी कंपन्या आपापले ठरवतात. बांधकाम, हॉटेल आणि दुकानांत साप्ताहिक सुट्टी कोणत्याही वारी येऊ शकते. पहिल्याच आठवड्यात सुपरवायझरला विचारा आणि जमेल तर रविवार मागून घ्या. नाहीच मिळाला तर रविवारी ड्यूटीच्या आधीची किंवा नंतरची वेळ शोधा. कॅथलिकांना शनिवारी संध्याकाळची मिस्साही रविवारची म्हणून चालते. कुवेत, कतार, ओमान, बहरीनमध्ये सुट्टी शुक्रवार-शनिवार असल्याने तिथल्या मंडळ्यांची मोठी उपासना शुक्रवारी भरते. हे मनाला खटकू देऊ नका. सौदीत चर्चच नाही. तिथे खोलीतली शांत प्रार्थना हीच उपासना.

दुबईत ऊद मेथा भागात सेंट मेरीज कॅथलिक चर्च आहे, मेट्रोच्या ग्रीन लाइनवरील ऊद मेथा स्टेशनजवळ. त्याच भागात होली ट्रिनिटी आहे. तिथे निरनिराळ्या भाषांच्या मंडळ्या आळीपाळीने जमतात. जबल अलीकडे राहणाऱ्यांना सेंट फ्रान्सिस ऑफ असिसी आणि शेजारची इतर चर्च जवळ पडतील. अबू धाबीत सेंट जोसेफ्स कॅथीड्रल, मुसफ्फाच्या कामगार वस्तीसाठी सेंट पॉल्स, शारजात यरमूक भागात सेंट मायकल्स. दर आठवड्याला मराठी उपासना मिळेल असे धरून येऊ नका. हिंदी किंवा इंग्रजी मंडळीत बसायची तयारी ठेवा. मराठी घरी टिकवायची आहे. रात्री वीस मिनिटे काढा: एक स्तोत्र मोठ्याने वाचायचे, मंडळीच्या गीतपुस्तकातले एक भजन, शेवटी प्रभूची प्रार्थना. मुले इंग्रजीत उत्तर देतील, देऊ द्या, पण प्रार्थना मराठीतच म्हणा. बाबेलात दानीएल दिवसातून तीन वेळा गुडघे टेकत असे, तेही रोजच्या ठरलेल्या वेळी.

कायदा नीट समजून घ्या. चर्चच्या आवारात उपासना मोकळी आहे. आवाराबाहेर मुसलमानांमध्ये धर्मप्रसार करणे गुन्हा आहे. सामानात स्वतःचे पवित्र शास्त्र आणा, पत्रकांचे गठ्ठे आणू नका. 2023 च्या कायद्याने बिगर-मुस्लिम प्रार्थनास्थळांना परवाना सक्तीचा झाला आहे, म्हणून फ्लॅटमध्ये पन्नास माणसे जमवून ढोलकीवर भजने सुरू करू नका. कुटुंबापुरती प्रार्थना वेगळी. सर्वांत जास्त फसगत व्हॉट्सअ‍ॅपवर होते. कोणत्याही धर्माची टिंगल करणारा मजकूर पुढे पाठवला तर कायदा लागतो. गावच्या चर्चच्या छपरासाठी ग्रुपवर वर्गणी मागणेही परवान्याशिवाय चालत नाही. दशांश द्यायचा तर चर्चमध्ये द्या, नाहीतर आपल्या खात्यातून थेट गावच्या चर्चला पाठवा.

रमजान आणि आपला उपवासकाळ सध्या जवळजवळ येतात. 2025 मध्ये रमजान 1 मार्चला लागला आणि राखेचा बुधवार 5 मार्चला होता. दिवसा उपवास करणाऱ्या सहकाऱ्यांसमोर खाणे-पिणे टाळा. इफ्तारचे बोलावणे आले तर जरूर जा. तुमचाही उपवास चालू असल्याचे सांगितलेत तर ते आपुलकीने ऐकून घेतात. नाताळ आणि शुभ शुक्रवार इथे सरकारी सुट्ट्या नाहीत, तेव्हा नाताळच्या रजेचा अर्ज ऑक्टोबरातच टाका. डिसेंबरात अर्ज करणाऱ्याला बहुतेक वेळा नकार मिळतो.

आपल्याच माणसांतल्या दोन गोष्टी जास्त अवघड जातात. पहिली बेडस्पेसमधली, म्हणजे अनेकांनी मिळून भाड्याने घेतलेल्या खोलीतली. ‘तुम्ही ख्रिस्ती, तुम्हांला दारू चालतेच,’ असे म्हणत पहिल्याच सुट्टीच्या आदल्या रात्री ग्लास पुढे येतो. उत्तर पहिल्याच दिवशी द्या, हसून द्या, आणि कारणे सांगत बसू नका. महिनाभर पिऊन मग सोडणाऱ्याचे कोणी ऐकत नाही. दुसरी महाराष्ट्र मंडळाच्या गणेशोत्सवाची. तिथे मराठी बोलायला, जेवायला, मुलांना नाटकात उभे करायला जा. मंडळाला स्वयंसेवक हवेच असतात, वाढपाचे काम आनंदाने घ्या. आरतीच्या वेळी मागे शांत उभे राहिलात तर कोणी दुखावत नाही. प्रसादाबद्दल मंडळ्यांची मते वेगवेगळी आहेत. पौलाने करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्राचे आठ ते दहा हे अध्याय वाचा आणि गणपती यायच्या आधीच पाळकांशी बोलून ठेवा, कारण ताट समोर आल्यावर विचार करायला वेळ नसतो.

येत्या रविवारी उपासना संपली की लगेच बसकडे पळू नका. दहा मिनिटे आवारात थांबा, कोणी मराठी बोलताना ऐकू आले तर पुढे होऊन नाव सांगा, आणि निघण्याआधी कार्यालयात नोंदणीचा अर्ज भरून द्या.