छतावरच्या सोलरची सबसिडी: आधी लाईट बिलावरचं नाव बघा

आमच्या गल्लीतल्या चार जणींनी मला एकच प्रश्न विचारला, "वहिनी, 78 हजार खरंच मिळतात का हो?" मिळतात. पण हातात पडेपर्यंत काय काय करावं लागतं, ते नीट सांगते.

मी सांगलीच्या गावभागात राहते. घरात माझी दोन शिलाई मशीन आणि एक पिकोफॉलचं मशीन दिवसभर चालतं. महिन्याला तीनशेच्या वर युनिट पडायचे, म्हणून पीएम सूर्यघर योजनेत 3 किलोवॉटचं सोलर बसवलं. केंद्राची ही योजना 2024 च्या फेब्रुवारीत सुरू झाली. पहिल्या दोन किलोवॉटला 30-30 हजार आणि तिसऱ्याला 18 हजार, असे 78 हजार होतात. त्यापुढे पाच किलोवॉट बसवा नाहीतर दहा, सबसिडी तेवढीच. एक किलोवॉट दिवसाला सरासरी चार युनिट देतं, म्हणजे महिन्याला 120 च्या आसपास. तेव्हा वर्षभराची बिलं समोर घेऊन बसा आणि आकडा आपला आपण काढा. एजन्सीवाला मोठंच सुचवणार.

माझं घोडं अडलं ते नावावर. मीटर अजून मामंजींच्या नावावर होतं, आणि त्यांना जाऊन सात वर्षं झाली होती. मृत्यूचा दाखला, घरपट्टीची पावती, दोन्ही दिरांचं ना-हरकत पत्र गोळा करण्यात दोन महिने गेले. धाकटे दीर पुण्यात, त्यांची सही येईपर्यंत सगळं थांबलं. म्हणून सांगते, पॅनेलचा भाव नंतर विचारा, आधी बिलावरचं नाव आणि बँक खात्यावरचं नाव शेजारी ठेवून वाचा. आडनावातली एक वेलांटीसुद्धा सोडू नका.

नाव जुळलं की सूर्यघरच्या सरकारी पोर्टलवर मोबाईल नंबर आणि महावितरणचा 12 आकडी ग्राहक क्रमांक टाकून अर्ज करायचा. यादीतल्या नोंदणीकृत एजन्सीकडूनच काम घ्यायचं, नाहीतर सबसिडी विसरा. मी तिघांकडून लेखी भाव घेतले. "सबसिडी वजा करून एवढेच द्या" असं एकाने सांगितलं, तिथून मी उठले. सबसिडी आपल्याच खात्यात येते, एजन्सीला पूर्ण बिल द्यावं लागतं. पैसे नसतील तर सरकारी बँका 3 किलोवॉटपर्यंत तारण न घेता कर्ज देतात.

पॅनेल डीसीआरच हवेत. म्हणजे आतले सेल आणि पॅनेल दोन्ही भारतात बनलेले. स्वस्तातले दुसरे बसवले तर सबसिडी मिळत नाही. माल गच्चीवर चढवण्याआधी मी प्रत्येक पॅनेलमागच्या स्टिकरचा फोटो काढला आणि सिरीयल नंबर बिलाशी ताडून पाहिले. अर्धा तास लागला. तेवढा काढाच.

जागा साधारण किलोवॉटला शंभर चौरस फूट धरा, तोंड दक्षिणेला. आमच्या पाण्याच्या टाकीची सावली दुपारी तीननंतर एका पॅनेलच्या कोपऱ्यावर पडत होती. एका पॅनेलवर सावली आली की त्या ओळीतल्या सगळ्यांचीच वीज घटते, म्हणून टाकी हलवून घेतली. इन्व्हर्टर, म्हणजे पॅनेलची वीज घरात वापरता येईल अशी करून देणारा डबा, मात्र मी हट्टाने वरच्या मजल्यावर लावला. एजन्सीचा मुलगा म्हणत होता, "काकू, खाली मीटरजवळ सोपं पडतं." 2019 ला आयर्विन पुलापाशी कृष्णा 57 फुटांवर गेली होती, तेव्हा आमचं जुनं मीटर पाण्याखाली होतं. नदीकाठच्यांनी याबाबत कुणाचं ऐकू नये.

जोडणी झाली की महावितरणची माणसं तपासणी करतात, नेट मीटर (आपण घेतलेली आणि महावितरणला दिलेली, दोन्ही वीज मोजणारा) बसतो, मग सबसिडीसाठी पोर्टलवर बँक तपशील भरायचे. मला तिसऱ्या आठवड्यात पैसे जमा झाल्याचा मेसेज आला.

दोन गैरसमज आधीच काढते. लाईट गेली की हे सोलरही बंद पडतं. तारेवर काम करणाऱ्या वायरमनला शॉक बसू नये म्हणून ती सोय असते. अंधारात दिवे हवेत तर बॅटरीचा खर्च वेगळा. आणि बिल शून्य होत नाही, स्थिर आकार येतोच.

ज्यांचा वापर महिन्याला शंभर युनिटच्या आत आहे, त्यांनी राज्याच्या स्मार्ट योजनेची चौकशी जरूर करावी. एक किलोवॉटला केंद्राच्या 30 हजारांवर दारिद्र्यरेषेखालच्या घराला आणखी 17,500 मिळतात. पाटण तालुक्यातली मान्याचीवाडी हे अख्खं गाव सोलरवर गेलं, राज्यातलं पहिलं. ते काही बंगल्यांचं गाव नव्हे.

साखर कारखान्यांचा हंगाम सुरू झाला की पॅनेलवर काजळी बसते. आठवड्यातून एकदा, ऊन चढायच्या आत, साध्या पाण्याने आणि मऊ फडक्याने पुसायची. तापलेल्या काचेवर गार पाणी ओतू नका.