एकदांडी, म्हणजेच दगडी पाला
माळावर, पायवाटेच्या कडेला लांब देठावर एकच फूल डोलत असतं, तीच एकदांडी. तोडण्याआधी फूल डोळ्यांजवळ धरून नीट बघा. मधे पिवळी टिकली, भोवती पाचेक फिकट पाकळ्या आणि प्रत्येकीच्या टोकाला तीन दात. ओळख पटते ती इथेच. पानं खरखरीत, लवदार.

खरचटलं, विळा ओझरता लागला की हा पाला चुरगाळून रस जखमेवर पिळायचा, रक्त थांबतं, ही जुनी रीत. पण पाला कितीही धुतला तरी मातीतले धनुर्वाताचे जंतू राहू शकतात. त्यामुळे खोल किंवा गंजक्या खिळ्याच्या जखमेला तो लावूच नका, थेट दवाखाना गाठा. शेवंती-झेंडूची अ‍ॅलर्जी असणाऱ्यांनीही जपावं, कूळ एकच. फवारणी झालेल्या जागेचा पाला नकोच.