मुलांना गुणोत्तराची ओळख कशी करून द्यावी?

पाचवी-सहावीच्या वर्गात गुणोत्तराचा पाठ बहुधा दोन टिंबांच्या चिन्हापासून सुरू होतो आणि घोटाळाही तिथेच होतो. हे चिन्ह भागाकाराचे की अपूर्णांकाचे, या विचारात मुले अडकतात आणि दोन राशींची तुलना ही मूळ गोष्ट बाजूला पडते. म्हणून पहिल्या तासाला फळ्यावर काहीच लिहू नये. पाढे आणि सममूल्य अपूर्णांक येत असले, की एवढी तयारी पुरेशी आहे.

वर्गात घट्ट कोकम सरबताची बाटली, पाण्याचा तांब्या, एक मोठा चमचा आणि तीन सारखे काचेचे पेले न्यावेत. पहिल्या पेल्यात १ चमचा कोकम आणि ४ चमचे पाणी घालावे. मग विचारावे, "दुसऱ्या पेल्यात २ चमचे कोकम घातले, तर चव अगदी तशीच राहण्यासाठी पाणी किती घालावे लागेल?" काही मुले हमखास ५ म्हणतील, कारण कोकम एका चमच्याने वाढले, तर पाणीही एकाच चमच्याने वाढायला हवे, असे त्यांना वाटते. हे उत्तर लगेच खोडू नये. दुसऱ्या पेल्यात ५ चमचेच पाणी घालावे, तिसऱ्यात २ चमचे कोकम आणि ८ चमचे पाणी घालावे, आणि तिन्ही पेले खिडकीशी ओळीने ठेवून बाजूने पाहायला सांगावे (वरून पाहिल्यास खोलीमुळे रंग फसवतो). मधल्या पेल्याचा रंग गडद दिसतो, तर कडेच्या दोन पेल्यांचा रंग सारखाच असतो. चव घेऊन खात्री करण्याचे काम मुले आनंदाने करतात. बेरजेने वाढवणे आणि पटीने वाढवणे यांतला फरक इथे कळला, की निम्मे काम झाले; त्यामुळे या टप्प्यावर एक पूर्ण तास गेला तरी हरकत नाही.

दुसऱ्या दिवशी फळ्यावर दोन ओळींचा तक्ता करावा. वरच्या ओळीत कोकम १, २, ३, ५ आणि खालच्या ओळीत पाणी ४, ८, १२, २० असे आकडे मुलांकडूनच भरून घ्यावेत. त्यानंतरच १:४ असे लिहून ते 'एकास चार' असे वाचावे. हे बोलणे मुलांना अनोळखी नसते. बांधकामावर गवंडी एक घमेले सिमेंट आणि चार घमेली रेती अशा मालाला 'एकास चार' असेच म्हणतो. तिथे क्रम उलटला, तर चार घमेली सिमेंट आणि एक घमेले रेती होईल, हे सांगितल्यावर पूर्वपद (गुणोत्तरातली पहिली संख्या) आणि उत्तरपद (दुसरी संख्या) हे शब्द पाठ करून घ्यावे लागत नाहीत.

पुढचा प्रश्न मात्र मोठ्यांनाही चकवणारा आहे: पेल्यातल्या सरबताचा कितवा भाग कोकम आहे? एक चतुर्थांश, असे उत्तर येते. पण एकूण ५ चमच्यांपैकी १ चमचा कोकम असल्याने तो भाग एक पंचमांश आहे. भागाची भागाशी तुलना आणि भागाची संपूर्णाशी तुलना या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे पेला हातात धरूनच दाखवावे.

सरावासाठी राष्ट्रध्वज उत्तम. त्याच्या लांबी-रुंदीचे गुणोत्तर ३:२ ठरलेले आहे. टेबलावरचा १५० × १०० मिलिमीटरचा लहान ध्वज असो वा ६३०० × ४२०० मिलिमीटरचा, ठरवून दिलेल्या प्रमाण मापांतला सर्वांत मोठा ध्वज असो, हे गुणोत्तर बदलत नाही. मुलांनी वहीत ९ सेंटिमीटर लांबीचा ध्वज काढावा, रुंदी स्वतः शोधावी आणि तिचे तीन समान पट्टे करावेत. रुंदी ६ सेंटिमीटर आली, तर प्रत्येक पट्टा बरोबर २ सेंटिमीटरचा होतो आणि उत्तर आपोआप तपासले जाते.

एककांबद्दल फार बोलू नये. ५० पैसे आणि २ रुपये यांचे गुणोत्तर विचारावे. कोणी ५०:२ म्हटले, तर २ रुपयांचे २०० पैसे करून १:४ पर्यंत आणावे.

शेवटी एक उलटे उदाहरण द्यावे, म्हणजे जिथे तिथे गुणाकार करण्याची सवय लागत नाही. ताई १० वर्षांची आणि धाकटा भाऊ ५ वर्षांचा असेल, तर त्यांच्या वयांचे गुणोत्तर २:१ आहे. ५ वर्षांनी ते किती असेल? तेव्हा ताई १५ वर्षांची आणि भाऊ १० वर्षांचा होईल, म्हणजे गुणोत्तर ३:२ होईल आणि फरक मात्र ५ वर्षांचाच राहील. सरबतात आणि वयात नेमके काय वेगळे आहे, हे मुलांनाच आपल्या शब्दांत मांडू द्यावे.